रेडिएटर नेमका कुठे गार आहे?

या वेळी हाती आलेली बहुतेक पत्रे एकाच तक्रारीची आहेत. बॉयलर चालू आहे, इंधन जळते आहे, आणि तरीही भिंतीवरचा रेडिएटर खोली तापवत नाही. पत्रे वाचताना असे दिसले, की आपण काय काय करून पाहिले हे सर्वांनी सविस्तर लिहिले आहे, पण रेडिएटर नेमका कुठे गार होता हे फार थोड्यांनी लिहिले आहे. वास्तविक निदानाचे निम्मे काम तेवढ्या एका निरीक्षणाने होते. म्हणून कोणताही स्क्रू फिरवण्याआधी यंत्रणा अर्धा तास चालू ठेवावी आणि प्रत्येक रेडिएटर वर, खाली व मधोमध, तसेच त्याला जोडलेले दोन्ही पाइप, हाताने चाचपून पाहावेत. पूर्ण तापलेल्या पाइपाचा चटका बसू शकतो, तेव्हा बोटांची मागची बाजू क्षणभर लावली तरी पुरे. जे आढळेल ते कागदावर टिपून ठेवावे. पुढील उत्तरे मुख्यतः पाइपांतून गरम पाणी फिरवणाऱ्या यंत्रणेविषयी आहेत. वाफेच्या रेडिएटरविषयी एकच पत्र आले, तेही घेतले आहे.

प्रश्न : वरच्या मजल्यावरील दोन रेडिएटर खालून चांगले तापतात, पण वरचा वीतभर भाग गारच राहतो. हवा अडकली असावी असे वाटते. ती काढण्याची नीट पद्धत सांगावी.

उत्तर : आपला तर्क बरोबर आहे. हवा पाण्यापेक्षा हलकी असल्याने ती रेडिएटरच्या माथ्याशी साचते आणि तेवढ्या भागात गरम पाणी चढू शकत नाही. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात, एका बाजूला, हवा सोडण्याचा लहानसा चौकोनी स्क्रू असतो आणि त्याला बसणारी चावी स्वतंत्र मिळते. काही नव्या रेडिएटरांचा स्क्रू साध्या पेचकसानेही फिरतो.

प्रथम यंत्रणा बंद करावी आणि पाणी निवू द्यावे. पंप चालू असताना स्क्रू उघडला, तर यंत्रणेच्या काही भागांत हवा बाहेर पडण्याऐवजी उलट आत ओढली जाऊ शकते, आणि गरम पाण्याने हात पोळण्याचा धोका तर असतोच. स्क्रूखाली भांडे धरावे, भोवती जुने फडके गुंडाळावे आणि चावी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने पाव ते अर्धा फेरा फिरवावी. हवा फुसफुसत बाहेर येईल. तो आवाज थांबून पाण्याची अखंड धार लागली, की स्क्रू बंद करावा. तो घट्ट बसेल इतकाच आवळावा, कारण पितळी स्क्रूवर जोर केला तर त्याच्या कडा झिजतात आणि पुढल्या वेळी चावी नुसतीच गरगर फिरते. हा स्क्रू सैल करायचा असतो, काढायचा नसतो. मी स्वतः पहिल्यांदा हे काम केले तेव्हा अधीर होऊन तो पूर्ण काढला, आणि आतले काळे पाणी नुकत्याच रंगवलेल्या भिंतीवर उडाले. पुढे दोनदा रंग देऊनही तो डाग दिसत राहिला.

एकाहून अधिक मजले असतील तर तळमजल्यापासून सुरुवात करून वर जावे. या कामात सीलबंद यंत्रणेचा दाब उतरतो, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात राहत नाही. हवा गेली, तिची जागा पाण्याने घेतली, आणि तेवढे पाणी यंत्रणेत कमी पडले, असा हा साधा हिशेब आहे. मध्येच दाब शून्यावर आला, तर वरच्या मजल्यावरील स्क्रूतून ना हवा येते ना पाणी, आणि माणूस स्क्रूच बुजला असावा अशा समजुतीने तार घालून तो टोकरत बसतो. म्हणून अधूनमधून दाबमापक पाहावा. यंत्रणा गार असताना घरगुती बॉयलरचा दाब साधारणपणे १ ते १.५ बार असावा लागतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ सुमारे १ बार दाब देतो; तेव्हा बॉयलरपासून सर्वांत वरचा रेडिएटर किती उंच आहे, यावरून आपल्या घराला किमान किती दाब हवा याचा अंदाज करता येतो. दाब कमी असेल तर पाणी भरण्याच्या जोडनळीवरील व्हॉल्व्ह हळूहळू उघडावेत, काटा जागेवर आला की दोन्ही घट्ट बंद करावेत आणि मगच बॉयलर सुरू करावा.

प्रश्न : आम्ही दर दोन-तीन आठवड्यांनी हवा काढतो आणि दाब उतरला म्हणून पाणीही भरतो. तरी पुन्हा तेच. ही हवा येते तरी कोठून?

उत्तर : आपले पत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण आपण ज्याला उपाय समजता आहात, तोच आता आजार वाढवतो आहे.

सीलबंद यंत्रणेत एकदा भरलेले पाणी वर्षानुवर्षे तेच राहावे, अशी मूळ कल्पना असते. ताज्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. तो पहिल्या काही दिवसांत रेडिएटरच्या पोलादाला थोडासा गंज चढवतो, त्यातच संपून जातो, आणि पुढे गंजण्याची क्रिया फारच मंदावते. मात्र दर पंधरवड्याला आपण नवे पाणी भरलेत, की त्याबरोबर नवा प्राणवायू आत जातो आणि गंज पुन्हा सुरू होतो. पाणी जड असेल तर क्षारही जातात व बॉयलरच्या उष्णता देणाऱ्या भागावर त्यांचे थर बसतात. शिवाय आपण ज्याला हवा म्हणता, ती दर वेळी हवाच असते असेही नाही. प्राणवायू नसलेल्या पाण्यात लोखंडाची पाण्याशी अभिक्रिया होऊन काळा चुंबकीय ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो, आणि हा हायड्रोजन रेडिएटरच्या माथ्याशी जाऊन साचतो. हायड्रोजन ज्वालाग्राही आहे, म्हणून वायू सोडताना जवळपास काडी, मेणबत्ती किंवा सिगारेट पेटती नसावी. बाहेर येणारा वायू पेटतो का हे पाहून निदान करण्याची एक जुनी रीत सांगितली जाते. ती मुळीच अवलंबू नये.

तेव्हा खरा प्रश्न पाणी कोठे जाते हा आहे. आधी रेडिएटरांचे सांधे पाहावेत. व्हॉल्व्हजवळ हिरवट किंवा पांढरे क्षार, पाइपावर गंजाचा ओघळ, लाकडी फरशीवर काळपट डाग, अशा खुणा शोधाव्यात. गरम सांध्यातून थेंबाथेंबाने झिरपणारे पाणी जागच्या जागी वाळून जाते, त्यामुळे ओल दिसेलच असे नाही. कोरडा टिशू कागद सांध्याभोवती फिरवला तर ती कळते.

सांधे कोरडे असतील, तर दाबमापकाकडे दिवसभर लक्ष ठेवावे. १०० लिटर पाणी १० अंशांवरून ८० अंशांवर तापवले, की ते जवळपास ३ लिटरने फुगते. या फुगवट्याला जागा मिळावी म्हणून यंत्रणेत प्रसरण टाकी असते. तिच्या आत रबरी पडदा असून त्याच्या एका बाजूस पाणी व दुसऱ्या बाजूस दाबलेली हवा असते. ती हवा निघून गेली किंवा पडदा फाटला, तर फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. गार असताना १ बारवर असलेला काटा तापल्यावर ३ बारपर्यंत धावतो, सुरक्षा व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी घराबाहेर जाते. यंत्रणा निवली की काटा शून्याजवळ येतो, आपण पाणी भरता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच फेरा चालू होतो. सुरक्षा व्हॉल्व्हचा पाइप जेथे बाहेर निघतो, त्या टोकाखाली एक भांडे ठेवून दिवसाअखेर पाहावे. त्यात पाणी साचले असेल तर शोध तिथेच संपला. प्रसरण टाकीवर सायकलच्या ट्यूबसारखा हवेचा व्हॉल्व्ह असतो. यंत्रणा गार असताना त्याची पिन क्षणभर दाबली आणि हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला आहे असे समजावे व टाकी बदलून घ्यावी. नुसती हवाच कमी झाली असेल, तर यंत्रणेच्या बाजूचा पाण्याचा दाब उतरवून ती पुन्हा भरता येते. टाकी बॉयलरच्या आवरणाच्या आत असेल, तर मात्र हे काम परवानाधारक तंत्रज्ञाचे आहे; गॅसवर चालणाऱ्या बॉयलरचे आवरण घरच्या माणसाने उघडू नये.

भांडेही कोरडे आणि सांधेही कोरडे, असे असेल तर रात्री यंत्रणा पूर्ण निवल्यावर बॉयलरखालचे जाणाऱ्या व येणाऱ्या पाण्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून ठेवावेत. दाबमापक बॉयलरच्या बाजूला असतो. सकाळी त्याचा काटा जागेवरच असेल तर गळती घरातील पाइपांत, बहुधा फरशीखाली आहे. खाली आला असेल तर दोष बॉयलरच्या आत आहे. यंत्रणा सुरू करण्याआधी हे व्हॉल्व्ह आठवणीने उघडावेत.

प्रश्न : बैठकीच्या खोलीतील मोठा रेडिएटर वर आणि दोन्ही कडांना कढत होतो, पण खाली मधोमध थंड असतो. हवा सोडून पाहिली, तर शाईसारखे पाणी आले.

उत्तर : हा गाळ आहे. वर ज्या काळ्या ऑक्साइडचा उल्लेख केला, तोच अतिशय बारीक कणांच्या रूपाने तळाशी बसतो, आणि पाण्याला खालची वाट न मिळाल्याने ते वरूनच निघून जाते. खात्री करायची असेल तर ते पाणी पांढऱ्या वाटीत घेऊन खालून चुंबक फिरवावा. काळे कण चुंबकाच्या मागे धावतील. हवा कितीही काढली तरी या रेडिएटरला गुण येणार नाही.

फक्त एकाच रेडिएटरची ही स्थिती असेल, तर तो उतरवून धुणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. यंत्रणा बंद करून निवल्यावर एका बाजूचा वापरातील व्हॉल्व्ह बंद करावा. दुसऱ्या बाजूला टोपीखाली दडलेला लॉकशील्ड व्हॉल्व्ह असतो. तो बंद करताना किती फेरे लागले ते मोजून लिहून ठेवावे, कारण परत लावताना तो नेमका तेवढाच उघडायचा आहे. मग एका टोकाचा नट सैल करून हवा सोडण्याचा स्क्रू उघडावा म्हणजे पाणी खालच्या भांड्यात उतरेल. भांडी दोन घ्यावीत, कारण एक भरल्यावर दुसरे शोधायला वेळ मिळत नाही. उरलेले पाणी तळाशी राहतेच, म्हणून रेडिएटर वाहून नेताना त्याची तोंडे चिंध्यांनी बंद करावीत, आणि दोघांनी उचलावा. मोठ्या रेडिएटरचे वजन पाहताना वाटते त्याहून बरेच अधिक भरते. बाहेर नेऊन रबरी नळीने एकदा या तोंडाने, एकदा त्या तोंडाने, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावा. बाजूंवर रबरी हातोडीने हलके ठोकले की चिकटलेला गाळ सुटतो.

अनेक रेडिएटर असेच असतील, तर एकेक उतरवण्यात अर्थ नाही. त्या वेळी सफाईचे रसायन यंत्रणेत घालून ते काही दिवस फिरू देतात व मग सर्व पाणी काढून टाकतात, किंवा तंत्रज्ञ स्वतंत्र पंप जोडून वेगवान प्रवाहाने सगळी यंत्रणा धुऊन काढतात. ही दुसरी पद्धत परिणामकारक आहे, पण फार जुन्या, आतून पोखरलेल्या रेडिएटरांना ती मानवत नाही. गंजाने बुजलेली भोके त्यात उघडी पडतात. ते काम करवून घेण्याआधी आपल्या यंत्रणेचे वय तंत्रज्ञाला स्पष्ट सांगावे. कोणत्याही मार्गाने धुतल्यावर दोन गोष्टी टाळू नयेत. नव्या पाण्यात गंजरोधक द्रव्य योग्य प्रमाणात घालावे, आणि बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपावर चुंबकीय गाळणी बसवावी. रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतील तर त्या धातूला चालणारे द्रव्यच निवडावे लागते. गाळ का झाला याचा शोध मात्र मागील उत्तरातच आहे: कोठून तरी ताजे पाणी आत येत असले पाहिजे.

प्रश्न : एकच रेडिएटर पूर्णपणे गार आहे. त्याचा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह ५ वर ठेवला तरी फरक पडत नाही. उन्हाळ्यापूर्वी तो व्यवस्थित चालत होता.

उत्तर : आपल्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. या व्हॉल्व्हच्या डोक्यात मेण किंवा द्रव असलेली लहान कुपी असते. खोली तापली की आतला पदार्थ फुगतो आणि खालची पिन दाबून पाण्याची वाट बंद करतो; खोली निवली की स्प्रिंग पिनेला वर ढकलते. उन्हाळाभर डोके बंद स्थितीत ठेवले, तर दाबलेली पिन तशीच चिकटून बसते.

डोके ५ वर ठेवून त्याखालची कडी हाताने फिरवावी, म्हणजे ते निघून येईल. यात पाणी बाहेर येत नाही. आत बारीक धातूची पिन दिसेल. लाकडाचा सपाट तुकडा तिच्यावर ठेवून दाबल्यास ती दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन स्वतःहून वर यायला हवी. खालीच अडकली असेल तर व्हॉल्व्हच्या अंगावर पेचकसाच्या मुठीने बाजूने हलके ठोकावे, पिनेपाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडावा, आणि ती मोकळी झाली की दहा-बारा वेळा वरखाली करावी. पक्कडीने धरून वर उपसण्याचा मोह होतो, पण तो आवरावा, कारण पिन हातात आली तर तिच्यामागून पाणीही येते. पिन मोकळी हलत असूनही रेडिएटर गार राहिला, तर दुसऱ्या टोकाचा लॉकशील्ड कोणी बंद केला आहे का ते पाहावे. रंगकाम किंवा फरशीचे काम झालेल्या घरांत तसे हमखास आढळते. तोही उघडा असेल तर इतर सर्व रेडिएटर तात्पुरते बंद करून पंपाचा सगळा जोर या एकावर आणावा, म्हणजे पाइपात अडकलेला हवेचा बुडबुडा पुढे सरकतो.

पुढल्या उन्हाळ्यात डोके पूर्ण उघडे ठेवावे. आणि जाता जाता एक गैरसमज दूर करतो. ५ हा आकडा खोली लवकर तापवत नाही. ३ म्हणजे साधारण २० अंश. खोली त्याहून बरीच गार असताना ३ वरही व्हॉल्व्ह पूर्ण उघडाच असतो. ५ वर ठेवल्याने खोली त्याच वेगाने तापते, फक्त थांबायचे तेथे थांबत नाही.

प्रश्न : बॉयलरजवळच्या खोल्यांत बसवत नाही इतका उष्मा आणि टोकाच्या खोलीत मात्र कायम गारठा. तेथील रेडिएटर सगळीकडून सारखाच कोमट लागतो. पंपाचा वेग वाढवून पाहिला. पाइपांचा आवाज वाढला, ऊब वाढली नाही. रेडिएटर बदलावा का?

उत्तर : बदलू नये, निदान एवढ्यात तरी नाही. टोकाच्या रेडिएटरला हात लावल्यावर तो सगळीकडून सारखाच कोमट लागतो, असे आपण लिहिले आहे. म्हणजे त्यात हवा नाही आणि गाळही नाही. त्याच्यापर्यंत पुरेसे पाणीच पोचत नाही. पाणी जिकडे अडथळा कमी तिकडून जाते. जवळचे रेडिएटर सताड उघडे असतील, तर पंपाने ढकललेले बहुतेक पाणी त्यांच्यातून फिरून लगेच परत येते. वेग वाढवल्याने हे जवळचेच आणखी पितात आणि वर आवाज करतात.

यावरचा उपाय म्हणजे यंत्रणेचे संतुलन. त्यासाठी एक सुटीचा दिवस आणि पाइपावर अडकवता येणारे दोन तापमापक लागतात. यंत्रणा रात्रभर बंद ठेवून पूर्ण निवू द्यावी. सर्व थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत, लॉकशील्डच्या टोप्या काढून तेही पूर्ण उघडावेत, आणि प्रत्येकाचे मूळचे फेरे आधी लिहून ठेवावेत. मग यंत्रणा सुरू करून कोणता रेडिएटर आधी तापतो, कोणता नंतर, याचा क्रम लावावा. एकट्या माणसाची यात धावपळ होते; घरातील दुसरे कोणी हाताशी असल्यास बरे.

आता पहिल्या क्रमांकाच्या रेडिएटरचा लॉकशील्ड पूर्ण बंद करून केवळ पाव फेरा उघडावा. त्याच्या दोन्ही पाइपांवर तापमापक लावून पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक पाहावा. जुन्या पद्धतीच्या बॉयलरसाठी हा फरक ११-१२ अंशांच्या आसपास आणि धुरातील वाफेची उष्णता परत मिळवणाऱ्या कंडेन्सिंग बॉयलरसाठी २० अंशांच्या आसपास धरतात. फरक कमी आला तर पाणी फार वेगाने जाते आहे, म्हणून व्हॉल्व्ह किंचित आवळावा. जास्त आला तर किंचित सैल करावा. याच रीतीने क्रमाने पुढे जावे. प्रत्येक पुढील रेडिएटर थोडा अधिक उघडा ठेवावा लागेल, आणि शेवटचा बहुधा पूर्ण उघडा राहील. एकाचा व्हॉल्व्ह हलवला की बाकीच्यांचे आकडे थोडे सरकतात, म्हणून एक फेरी झाल्यावर दुसरी करावी. तिसरीचा हट्ट धरू नये. दोन-तीन अंशांचा फरक खोलीत बसलेल्या माणसाला कळत नाही.

पंपाचा वेग पूर्वीच्या जागी आणावा. संतुलनानंतरही टोकाचा रेडिएटर मागे राहिला, तर त्याच्याकडे जाणारा पाइप पाहावा. ८ किंवा १० मिलिमीटर व्यासाच्या बारीक पाइपांच्या यंत्रणेत गाळाचा लहानसा खडाही वाट अडवतो, आणि जुन्या एकपाइपी मांडणीत तर प्रत्येक रेडिएटरचे निवालेले पाणी पुढच्याकडे जात असल्याने शेवटचा नेहमीच काहीसा कमी तापतो. त्या मांडणीत शेवटच्या खोलीला मोठा रेडिएटर लावणे योग्य ठरते.

प्रश्न : आमच्या इमारतीत वाफेचे जुने बिडाचे रेडिएटर असून त्यांना एकच पाइप आहे. माझ्याकडील एक अर्धाच तापतो, आणि रात्री हातोडा मारल्यासारखे आवाज येतात. चावीने हवा काढू का?

उत्तर : येथे चावीचे काम नाही. याच एका पाइपाने वाफ वर येते आणि निवून झालेले पाणी त्याच वाटेने परत खाली जाते. त्यामुळे रेडिएटरचा उतार व्हॉल्व्हच्या टोकाकडे असलाच पाहिजे. रेडिएटरवर पाणसळ ठेवून पाहावी. उतार उलटा झाला असेल तर आत पाणी तुंबते, येणारी वाफ त्या पाण्याला जोराने ढकलते, आणि तोच तो हातोडा. दूरच्या टोकाच्या पायांखाली पातळ, पक्क्या चकत्या सरकवल्या की बहुतेक वेळा आवाज थांबतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावा, अर्धवट कधीही नाही. अर्धवट उघड्या व्हॉल्व्हपाशी वर येणारी वाफ आणि उतरणारे पाणी एकमेकांची वाट अडवतात. अर्धा भाग गार राहण्याचे कारण बाजूला बसवलेल्या स्वयंचलित हवा-झडपेत असावे. ती क्षाराने बुजली की आतली हवा निघत नाही आणि वाफेला जागा मिळत नाही. ती बदलणे सोपे आहे, पण वाफ येणे पूर्ण थांबले आहे आणि रेडिएटर निवला आहे, याची खात्री इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्यांकडून करून घेतल्यावरच तिला हात लावावा.

प्रश्न : बॉयलर काढून हीट पंप (बाहेरची उष्णता आत आणून पाणी तापवणारे विजेचे यंत्र) बसवला. पूर्वी रेडिएटरला हात लावता येत नसे, आता ते सगळे नुसते कोमट असतात. बसवणाऱ्याने काही चूक केली असेल का?

उत्तर : कदाचित काहीच चूक नसेल. आपल्या तळहाताच्या त्वचेचे तापमान तिशीच्या थोडे वर असते, म्हणून ४० अंशांचा रेडिएटर हाताला जेमतेम ऊनसा लागतो, जरी तो २० अंशांच्या खोलीला व्यवस्थित उष्णता देत असला तरी. येथे हातावर विसंबू नये. खोलीतील तापमापक पाहावा. खोली हव्या त्या तापमानाला पोचून तेथे टिकत असेल, तर तक्रारीला जागा नाही. हीट पंप कमी तापमानाच्या पाण्यावर अधिक काटकसरीने चालतो, म्हणून तो मंद पण दीर्घकाळ चालवायचा असतो. सकाळ-संध्याकाळ दोन तास लावण्याची बॉयलरची सवय येथे उपयोगाची नाही.

खोली पोचतच नसेल, तर मात्र आकड्यांकडे वळावे लागते. युरोपीय मानकानुसार रेडिएटरची क्षमता मोजताना आत येणारे पाणी ७५ अंश, बाहेर जाणारे ६५ अंश आणि खोली २० अंश धरतात. म्हणजे पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५० अंशांनी अधिक असते. आत ५५ आणि बाहेर ४५ अंश असे पाणी फिरवले, तर हे अंतर ३० अंशांवर येते. अंतर ५० चे ३० झाले, तरी उष्णता मात्र त्याहून अधिक घटते आणि छापील क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास राहते. आत ४५ आणि बाहेर ४० असेल, तर जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी अधिक. जुन्या घरांत पुष्कळदा गरजेपेक्षा मोठे रेडिएटर लावलेले असत, त्यामुळे काही खोल्यांत याचा त्रास होत नाही आणि एखाद्याच खोलीत होतो. तेवढ्या खोलीत एका पत्र्याच्या रेडिएटरच्या जागी दोन पत्र्यांचा व मध्ये पन्हळी पट्ट्या असलेला रेडिएटर लावावा. भिंतीवरची लांबी-उंची तीच ठेवूनही तो दीडपटीहून अधिक उष्णता देतो. सगळे रेडिएटर एकदम बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर प्रत्येक खोलीच्या उष्णतेच्या गरजेचा हिशेब आधी कागदावर मागावा.

प्रश्न : रेडिएटरवर लाकडी जाळीचे शोभिवंत आवरण घातल्यापासून खोली तापत नाही. हा योगायोग समजावा का?

उत्तर : योगायोग नव्हे. नावात किरणोत्सर्जन असले, तरी पत्र्याचा रेडिएटर खोलीला बहुतांश ऊब देतो ती खालून शिरून वर निघणाऱ्या हवेच्या प्रवाहातून. आवरणाने तो प्रवाह अडतो, आणि थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह आतच कोंडला गेला असेल तर त्याला आवरणातील उष्मा म्हणजेच खोलीचे तापमान वाटते व तो लवकर बंद होतो. आवरण ठेवायचेच असेल तर त्याचा माथा आणि तळ पूर्ण मोकळा असावा, आणि व्हॉल्व्हसाठी लांब तारेवरचा संवेदक मिळतो, तो आवरणाबाहेर भिंतीवर लावावा. रेडिएटरसमोर टेकवलेला सोफा आणि त्यावरून खाली उतरणारा जाड पडदा यांनाही हेच लागू आहे.